हे, की हे?

“हो,” बायको फोनवर म्हणाली, आणि त्याच्या चिमट्यातला स्क्रू खाली पडला.

चष्म्याच्या काडीचा स्क्रू तो केवढा! जमिनीवर पडला की गेलाच म्हणून समजायचं. एरवी तो जागचा हललाही नसता, डबीतला दुसरा उचलला असता. आज मात्र त्यानं खुर्ची मागे सारली, गुडघे टेकले, आणि काउंटरच्या खाली डोकं घालून शोधत बसला, कारण वर बसून राहिला असता तर चेहरा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. वर फोन ठेवलेला होता आणि त्यातून मुलगी मोठ्यामोठ्यानं बोलत होती. आईशी बोलताना ती हल्ली मोठ्यानंच बोलायची, जणू आईचे कान गेलेत. “नक्की ना आई? रविवारी मी गाडी घेऊन येते. तुझी खोली तयार आहे. समोर बाग आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे, जिने चढायला नकोत. येतेस ना माझ्याकडे?” आणि पुन्हा, तितक्याच चटकन, बायकोचा आवाज: “हो.” मग मुलगी म्हणाली, “बाबा, ऐकलंत ना? आई हो म्हणाली.” खालून तो म्हणाला, “हं.” “खाली काय करताय?” “स्क्रू,” तो म्हणाला. मुलीला त्यात काही नवल वाटलं नाही. जन्मल्यापासून तिनं बापाचं बोलणं असंच, सुट्या नाण्यांसारखं, एकेक करून ऐकलं होतं. तिनं फोन ठेवला. काउंटरखालून त्याला बायकोची पावलं दिसत होती, एकावर एक ठेवलेली, अगदी निवांत. आत्ता एवढी मोठी गोष्ट बोलून गेलेल्या बाईची पावलं अशी असतात का, असं त्याच्या मनात आलं.

त्याला हवी होती ती गोष्ट एकच. तिनं जाऊ नये. आणि जायचंच असेल, खरंच मनापासून जायचं असेल, तर तसं तिनं स्वतः सांगावं, तिच्या त्या जुन्या धारदार जिभेनं, कमरेवर हात ठेवून: अहो, तुमच्याच्यानं व्हायचं नाही हे, मी चालले लेकीकडे. मग तो गप्प बसला असता. गप्प बसणं त्याला चांगलं यायचं. पण हा ‘हो’ कसला? हा ‘हो’ हल्ली कुणालाही मिळत होता. पाण्याच्या नळाचं काम करायला आलेल्या माणसानं विचारलं, उद्या येऊ का? हो. मग आजच करून टाकू? हो. शेजारीण म्हणाली, आज बरं वाटत नाही का? हो. मग बरं वाटतंय ना? हो. तोंडातून शब्द निघायचा तो असा, दार ढकललं की उघडावं तसा, आत कोण आहे याचा पत्ता नाही. असल्या ‘हो’च्या जोरावर रविवारी गाडी येणार होती. आणि असल्या ‘हो’ला तो ‘नाही’ म्हणू शकत नव्हता, कारण कोण जाणे, या खेपेला तो खराच असला तर?

स्क्रू काही मिळाला नाही. तो उठला, गुडघे झाडले. ती काउंटरच्या पलीकडे, तिच्या नेहमीच्या स्टुलावर बसली होती आणि मऊ कापडानं एक फ्रेम पुसत होती, कधीची स्वच्छ झालेली. हे स्टूल म्हणजे एकेकाळी सिंहासन होतं. दुकान नावाला त्याचं, चालायचं ते तिच्यामुळे. तो मागच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याआड डोळे तपासायचा, आणि ती बाहेर माणसं. काय तोंड होतं! गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेम घालून वळायचा अवकाश, ही म्हणायची, “काढा बघू आधी ती. घरचं कुत्रं भुंकेल.” नाहीतर, “नाक एवढं छान दिलंय देवानं, त्याच्यावर हे ओझं कशाला?” एका जाड्या वकिलाला तिनं तोंडावर सांगितलं होतं की, ही फ्रेम घालून तुम्ही उभे राहिलात तर तुमचाच माणूस गुन्हा कबूल करेल. तो वकील मग पुढची सगळी वर्षं चष्म्याचा नंबर बदलो न बदलो, कोर्टाच्या दर सुट्टीत यायचा, चार शिव्या खाऊन जायचा. लोक पैसे देऊन बोलणी खायचे आणि वर हसत घरी जायचे. आतल्या अंधारात तक्त्यावरची अक्षरं उजळलेली असायची, खुर्चीतला माणूस डोळे बारीक करून ती वाचायचा, आणि याचा अर्धा जीव बाहेर, पडद्यापलीकडे, ती आता काय बोलते इकडे लागलेला. कधीकधी खुर्चीतला माणूस आणि तो एकदमच हसायचे. “आमचे मौनीबाबा आहेत आत,” ती सांगायची, “डोळे तेवढे दाखवा, बोलायचं असलं तर बाहेर या.” खरंच होतं ते. दोघांत मिळून तोंड एकच होतं आणि ते तिच्याकडे होतं. त्याला त्याची कधी उणीव भासली नाही. लग्नाच्या आधी ती डोळे तपासायलाच आली होती, आणि तो ‘खालची ओळ वाचा’ म्हणाला तेव्हा ती म्हणाली होती, “तुम्हाला तरी वाचता येते का? का पाठ केलीय?” त्यानं पाठच केली होती. तो हसत सुटला होता, आणि पुढचं सगळं तिनंच बोलून ठरवलं.

अशा बाईची भाषा जाते आणि शेजारी बसलेल्या माणसाला कळत नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का? पण तसंच झालं. दुकानात दोन माणसं इतकी वर्षं एकत्र काम करतात तेव्हा त्यांना शब्द लागतात तरी किती? ‘ते द्या.’ ‘त्याला हे लावलंत का?’ ‘त्या बाईंचं ते झालं?’ ‘ते नको हो, त्याच्या मागचं.’ तिचं मनगट कुठे वळलं, हनुवटी कुठे गेली यावरून त्याला कळायचं की निळी डबी हवीय, की बारीक पेचकस, की त्या उंच बाईंच्या वाचायच्या चष्म्याच्या काचा. कळायचं म्हणजे इतकं कळायचं की तिचं अर्धं वाक्य त्याच्या डोक्यात पुरं व्हायचं आणि तो समजायचा, तीच बोलली. कधीतरी, मागल्या कुठल्यातरी वर्षात, त्या ‘ते’ आणि ‘हे’च्या मागचे खरे शब्द एकेक करून निघून जायला लागले असणार. ती रिकामी जागा पुढे करत गेली आणि तो भरत गेला. उत्तम भरत गेला. इतका उत्तम, की दोघांनाही पत्ता लागला नाही. दुसरं कुठलं जोडपं असतं, नवरा सकाळी कचेरीत जाणारा, संध्याकाळी येऊन ‘काय गं, काय म्हणालीस?’ असं विचारणारा, तर त्याला आठवड्यात कळलं असतं. याचा सगळा शहाणपणा इथे मातीत गेला.

मग एका सकाळी निवृत्त मास्तर आले, नेहमीचे, तयार झालेला चष्मा न्यायला. तो पडद्यातून पाहत होता. तिनं डबी उघडली, चष्मा हातात धरला आणि म्हणाली, “हे घ्या तुमचं... हे... तुमचं डोळ्यांवरचं.” मास्तर हसले. “काय हो वहिनी, चष्म्याच्या दुकानात चष्मा आठवेना?” तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं हसली. पण हसता हसता तिनं तो चष्मा मास्तरांना दिलाच नाही, परत डबीत ठेवला, डबी खणात ठेवली आणि खण लावून घेतला, आणि मास्तर हात पुढे करून तसेच उभे. त्या संध्याकाळी शटर ओढताना ती अगदी सरळ, स्वच्छ म्हणाली, “अहो, माझं काहीतरी जातंय.” तिनं एवढं नीट जुळवून उच्चारलेलं ते शेवटचं वाक्य असेल असं तेव्हा कुणाला वाटलं होतं? त्यानं कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. ते वाक्य अजून त्याच्या कानात तसंच्या तसं आहे, तिच्या आवाजात, तिच्या ‘अहो’सकट.

मेंदूचे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितलं की म्हातारपणी विसरायला होतं त्याच घरातला हा आजार, पण याची सुरुवात आठवणीपासून नाही, बोलण्यापासून. आधी नावं जातात, मग वाक्यं, मग समोरच्याचं लांबलचक बोलणंही कळेनासं होतं. “त्यांना माणसं ओळखू येतात, रस्ते आठवतात, राग-लोभ सगळं आहे. फक्त बाहेर यायची वाट बुजत चाललीय.” औषध? डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तो चष्माही याच दुकानातला होता आणि नाकावर ढिला झाला होता. नंतर डॉक्टरांनीच एका बाईंकडे पाठवलं, वाचेचे उपचार करणाऱ्या. वयानं अगदीच लहान, या दोघांच्या मुलीहूनही लहान, पण बोलायच्या सावकाश आणि हळू, आणि विशेष म्हणजे बोलून झाल्यावर थांबायच्या. इतक्या थांबायच्या की तो अस्वस्थ व्हायचा. “तुम्ही त्यांना शब्द फार भराभर पुरवता काका,” त्या त्याला म्हणाल्या. “थांबत जा. वाक्य छोटं ठेवा, एका वेळी एकच गोष्ट. हो-नाहीवर भरवसा ठेवू नका, ते शब्द आता त्यांच्या ताब्यात नाहीत. दोन गोष्टी समोर धरा, दाखवून विचारा. वस्तू धरा, चित्र धरा, फोटो धरा. आणि तुम्हीही जरा बोला की हातवाऱ्यांनी! शब्द गेले म्हणजे सांगायचं संपलं असं नाही.” दोन गोष्टी समोर धरून विचारायचं! त्याला हसूच आलं. अहो बाई, जन्मभर दुसरं केलंय काय मी? खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम, तिच्यात एक भिंग सरकवायचं, काढायचं, दुसरं सरकवायचं, आणि विचारायचं: हे बरं, की हे? हे, की हे?

पहिले काही दिवस तो अगदी खुशीत होता. चहाचा डबा धरायचा, कॉफीचा डबा धरायचा. हे, की हे? राखाडी स्वेटर, निळा स्वेटर. खिडकी उघडी, खिडकी बंद. ती बोटानं दाखवायची आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा, चला, एवढं तरी साधलं. मग एकदा तिनं कॉफी दाखवली, त्यानं करून दिली, आणि तिनं एक घोट घेऊन कप असा काही दूर सारला की जुनी ती क्षणभर दिसून गेली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या धंद्यात अशी माणसं असतात. त्यांना ‘हे की हे’ विचारलं की ती नेहमी दुसरंच म्हणतात. भिडेखातर म्हणतात, किंवा पहिलं मनातून निसटलेलं असतं म्हणून. त्यांच्या नंबराचा विचका होतो. तिनंच त्यांचं नाव ठेवलं होतं, ‘दुसरंवाले’. आणि ती बाहेरून ओरडायची, “आत दुसरंवाला येतोय हो, जपून!” त्यांना पकडायची युक्ती सोपी. एक भिंग काढायचं आणि तेच परत लावायचं. पक्का माणूस वैतागतो: अहो, सारखंच आहे की! दुसरंवाला म्हणतो, दुसरं. त्यानं चहाचा डबा धरला. खाली केला. तोच परत धरला. ती त्या दुसऱ्या खेपेच्या डब्याकडे बोट दाखवून त्याच्याकडे बघून हसली, शाळेत उत्तर बरोबर आलेल्या मुलीसारखी. त्याला गॅससमोर उभं राहवेना.

यावर उपायही त्याला ठाऊक होता. क्रम उलटायचा, पुन्हा विचारायचं, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर खरं. चहाकॉफीच्या बाबतीत त्यानं तो केला, स्वेटरच्या बाबतीत केला. एका बाबतीत मात्र नाही केला. मुलीनं तिकडच्या खोलीचा फोटो पाठवला होता, पिवळी चादर, खिडकी, खिडकीत झाडं. तो त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला, आणि आपल्या घराचाही एक काढून आणला, रस्त्याच्या पलीकडून, खाली दुकान आणि वर त्यांची खिडकी. रोज संध्याकाळी, दुकान बंद केलं की तो तिच्यासमोर बसायचा. आधी मुलीकडची खोली. मग घर. हे, की हे? आणि ती रोज घरावर बोट ठेवायची. रोज! तिनं बोट ठेवलं की त्याच्या छातीत ऊब पसरायची आणि मागोमाग मान खाली जायची, कारण घर दुसऱ्या खेपेला धरलेलं आहे हे दुनियेत आणखी कुणाला नाही तरी त्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकली नव्हती. चुकीचा नंबर निघाला तर काचा फुकट बदलून दिल्या होत्या. आणि आता स्वतःच्या बायकोला संध्याकाळी समोर बसवून हे असले धंदे! उद्या उलटं धरू, असं तो रोज म्हणायचा. उद्या उजाडला की हात आपोआप पिवळ्या चादरीकडे आधी जायचे. उलटं धरलं आणि तिनं पिवळ्या चादरीवर बोट ठेवलं तर मग काय, हा विचार त्याला पुढे नेता येत नव्हता. आणि आज, फोनवर, कुणी काही न धरता, त्याच्यादेखत ती ‘हो’ म्हणाली होती.

तिच्यावाचून घर कसं असेल हे त्याला बरंचसं कळून चुकलं होतं, कारण अर्धं तसंच झालं होतं. ती होती, आणि तिचा आवाज नव्हता. एक ‘अहो’ तेवढा उरला होता, आणि तोही आता सगळ्यांचा झाला होता. दूध उतू गेलं की अहो, दारात मांजर आलं की अहो, रस्त्यावर कुणी अनोळखी माणूस धक्का देऊन गेला की त्यालाही अहो. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी ‘काय गं?’ म्हणून वळायचा. हल्ली वळायचा, पण आधी बघायचा की हाक आपल्याला आहे की मांजराला. कुणी सांगितलं असतं की माणसाला बायकोची बोलणी खायची इतकी भूक लागते, तर त्याला पटलं नसतं. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा तो मुद्दाम. चप्पल दारात आडवी ठेवायचा. ती यायची, टॉवेल उचलायची, दोरीवर घालायची, चप्पल सरळ करायची, आणि काही बोलायची नाही. एकदा तर त्यानं सगळ्यांत जुना, बाह्या विरलेला शर्ट घालून दुकानात येऊन तिच्यासमोर दोन फेऱ्या मारल्या. तिनं त्याच्या कॉलरला हात लावून ती सरळ केली, झालं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आतल्या अंधाऱ्या खोलीत जायचा, पडदा ओढायचा आणि तक्त्याचा दिवा लावून खुर्चीशेजारी नुसता उभा राहायचा. पडद्याआड उभं राहिलं की असं वाटायचं, ती बाहेर आहे, आणि आता बोलेल. किती वेळ तो असा उभा राहायचा त्याचं त्यालाच ठाऊक.

शनिवारी दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं. दुसऱ्या दिवशी मुलगी येणार होती. सकाळपासून त्यानं मनाशी ठरवलं होतं की आज नीट विचारायचं, एखाद्या परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं, सगळ्या नियमांनिशी, आणि जे येईल ते घ्यायचं. त्यानं तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, तपासायच्या खुर्चीत बसवलं. त्या खोलीत माणूस समोरचं तेवढंच बघतो, म्हणून. वरचा छोटा दिवा लावला. ती मांडीवर हात ठेवून बसली, जरा गंमत वाटल्यासारखी, आपण कितीतरी दिवसांत इथे बसलो नाही असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर.  पहिल्यांदा त्यानं घर धरलं. “हे,” तो म्हणाला. मग पिवळी चादर. “की हे?” आणि थांबला. त्या वाचेच्या बाई थांबायच्या तसा थांबला, शब्द पुरवला नाही, मान हलवली नाही, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. तिनं घर पाहिलं. चादर पाहिली. मग त्याच्या हातातून दोन्ही फोटो काढून घेतले, कडा जुळवल्या, एकावर एक ठेवले, आणि त्यावर तळवा टेकवून त्याच्याकडे पाहिलं.

“अगं, एक दाखव,” तो म्हणाला. त्यानं फोटो घेतले, क्रम उलटला. हे, की हे? तिनं पुन्हा घेतले, पुन्हा कडा जुळवल्या, पुन्हा एकावर एक ठेवले. आणि या खेपेला तिच्या कपाळावर ती बारीक आठी पडली, पक्क्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर पडते ती, तीच काच परत लावली की. सारखंच आहे की! त्याला ती आठी ओळखू आली आणि तिचा अर्थ मात्र लागेना. सारखं? घर आणि ती परकी खोली, सारखं? मग मी इतक्या संध्याकाळी कशाला जीव टांगणीला लावला? त्याच्या डोक्यात काहीतरी सरकलं. तो बोलू लागला, आणि बोलू लागल्यावर थांबेना. “सारखं कसं असेल गं? सारखं कसं म्हणतेस? हे इथलं आहे, हे तिथलं. इथे मी आहे, तिथे मी नाही. सकाळी उठलीस की मी नाही. चहा देणारी तुझी लेक, तिला काय ठाऊक तुला किती साखर लागते? तू मनगट असं केलंस तर तिला काय कळणार? आणि मी इथे काय करू? या पडद्यामागे उभा राहू? तू जाऊ नकोस. माझ्याच्यानं होणार नाही तुझ्यावाचून. मी कधी म्हणालो नाही, आता म्हणतो. तिथे मी नाही, कळतंय का तुला? हे बघ, इथे मी. तिथे, मी नाही.” शेवटचे शब्द बोलताना त्यानं एका फोटोवर स्वतःची छाती ठोकून दाखवली आणि दुसऱ्यावर रिकामा हात हलवला. त्या बाईंनी सांगितलं होतं, हातवाऱ्यांनी बोला. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण होतं ते. बोलून झाल्यावर त्याला दम लागला होता.

ती बघत होती. सगळं तिला कळलं नसणार, इतकं लांब आता तिला कळत नव्हतंच. पण तो रिकामा हलणारा हात तिनं पाहिला होता. तिनं पिवळ्या चादरीचा फोटो उचलला आणि दिव्याखाली धरला. डोळ्यांजवळ नेला. लांब केला. तिचं बोट फोटोवरून फिरलं, खिडकी, झाडं, चादर, आणि पलंगाच्या डोक्याशी येऊन थांबलं. तिथे उशी होती. एक. तिनं बोट उशीवर ठेवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा उशीकडे. मग ते बोट वर आलं, त्याच्या नाकासमोर, एकटं, ताठ.

“अहो!” ती म्हणाली.

हा मांजराचा नव्हता. हा दुधाचा नव्हता.

“अहो! हे... हे एक? एक?” ती उठली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. “तुम्ही... हे... कुठे? अहो, हे कुठे?” तिनं त्याच्या छातीत बोट खुपसलं, मग फोटोतल्या उशीवर, मग पुन्हा छातीत, आणि मग दोन्ही हात कमरेवर गेले. पुढचं सगळं शब्दांचं नव्हतं. ‘ते’ होतं, ‘हे’ होतं, अर्धवट काहीतरी होतं, पण त्याचा चढ तोच होता, उतार तोच, आणि मध्ये ती जागाही तशीच सुटलेली होती जिथे गिऱ्हाइकं हसायची. भांडत होती ती! अक्कल काढत होती त्याची. आणि उभ्या उभ्या, त्या बोटाच्या माऱ्याखाली, त्याला हळूहळू समजलं. आपल्याला त्याच्यावाचून कुठे न्यायचं चाललंय हे तिच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं. लेक ‘येतेस ना’ म्हणाली तेव्हा ती ‘हो’ म्हणाली, दोघांच्या वतीनं म्हणाली, जन्मभर म्हणत आली तशी. तिला घर आणि खोली सारखीच होती. आणि हा शहाणा दोन भिंगं घेऊन बसला होता.

त्यानं खिशातून फोन काढला. स्वतःहून त्यानं मुलीला कधी फोन केल्याचं दोघांपैकी कुणालाच आठवलं नसतं. पलीकडून घाबरलेला आवाज आला, “बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“उशा दोन लागतील,” तो म्हणाला.

“काय?”

“मीपण येतोय. पलंगही मोठा बघ.”

“अहो बाबा, पण दुकान?”

“दुकानाचं बघू.”

मुलगी मग हलक्या आवाजात म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही दुकान सोडून यायचे नाही. म्हणून मी विचारलंच नाही.”

“मी बोललो नाही,” तो म्हणाला. “चुकलं ते.”

“आणि मागे एवढा आवाज कसला चाललाय? आई ओरडतेय का कुणावर?”

“हो. माझ्यावर.”

“अहो, मग तिला शांत करा ना. द्या बघू फोन तिच्याकडे, मी समजावते.”

“नको, थांब जरा,” तो म्हणाला, आणि फोन कानापासून दूर धरला. “ऐकू दे.”